उंबऱ्याच्या आतलं चालणं

समर्थक — अर्धांगवायूचा रुग्ण समोर आला की मी आधी त्याची चप्पल बघतो. उजवी बाजू गेलेली असेल तर उजवी चप्पल उलटी करायची. पुढचा, करंगळीकडचा कोपरा झिजून तिरका झालेला असतो आणि टाच जवळजवळ कोरी. अंगठ्याच्या नखावर खरचटल्याच्या खुणा. त्या चपलेत त्याचं सगळं चालणं उतरलेलं असतं. पाय पुढे टाकताना पाऊल वर उचललं जात नाही, बोटं घासतात. पोटरी आखडलेली, त्यामुळे पाऊल आत वळतं आणि माणूस टाचेऐवजी पावलाच्या बाहेरच्या कडेवर उतरतो. बोटं वाचवायची म्हणून तो कंबर वर खेचतो, पाय बाहेरून गोल फिरवून आणतो आणि अंगणाच्या टोकापर्यंत जाईतो दमतो. धडधाकट माणसाचंही पाऊल पुढे जाताना बोटं आणि जमीन यांच्यात जेमतेम एक-दोन सेंटिमीटर अंतर असतं. तेवढंच याचं हरवलेलं आहे. पोटरीच्या मागून खाली येऊन तळव्याखाली वळणारा पॉलिप्रॉपिलिनचा एक पातळ स्प्लिंट, ज्याला आम्ही एएफओ म्हणतो, ते अंतर त्याला त्याच दिवशी परत देतो. आणि तरी आपल्याकडे तो इतका उशिरा, इतका बिचकत दिला जातो याचा मला मनापासून राग येतो.

साशंक — त्याच दिवशी फरक पडतो हे मीही रोज बघते, त्यावर आपला वाद नाही. माझा प्रश्न आहे तो फरक कुठे पडतो आणि किती टिकतो याचा. टायसन आणि केंट यांनी 2013 साली 13 चाचण्या, 334 रुग्ण एकत्र करून हिशेब मांडला. एएफओ घातल्यावर वेग वाढतो, दोन्ही पायांवर वजन जास्त सारखं पडतं, चालण्यासाठी दुसऱ्याचा आधार कमी लागतो, हे त्यात दिसलं. पण उभं असतानाचं डोलणं किंवा घड्याळ लावून घेतलेल्या उठण्या-चालण्याच्या चाचण्या यांत ठाम फरक दिसला नाही. आणि मुख्य म्हणजे हे सगळे तात्काळ परिणाम. स्प्लिंट घाला, चाला, मोजा. काढा, चाला, मोजा. त्याहून बोलका अभ्यास मला 2004 चा वाटतो, डी विट आणि सहकाऱ्यांचा, नेदरलँड्समधला. वीस रुग्ण. स्प्लिंटने वेग वाढला सेकंदाला 4.8 सेंटिमीटर. दहा मीटरला 20 सेकंद घेणाऱ्या माणसाला 18 लागतील, एवढाच त्याचा अर्थ. त्या संशोधकांनी आधीच ठरवलं होतं की सेकंदाला 20 सेंटिमीटरपेक्षा कमी फरक आम्ही उपयोगाचा मानणार नाही. त्यामुळे त्यांनाच लिहावं लागलं की फरक खरा आहे, पण लहान आहे.

समर्थक — त्याच अभ्यासातला पुढचा भाग तुम्ही सोडून दिलात. त्या वीसपैकी 65 टक्के म्हणाले की चालणं कमी कठीण वाटतं आणि 70 टक्के म्हणाले की चालताना धीर येतो. जिना चढून उतरायला सरासरी 8.6 सेकंद कमी लागले. बोट अडकून तोंडावर पडलेल्या माणसाला विचारा, धीर येणं ही किती मोठी गोष्ट आहे. तो प्रत्येक पावलाला जमिनीकडे बघत चालतो. समोरून येणाऱ्या माणसाला ओळख देत नाही, कारण मान वर केली तर बोट अडकेल. स्प्लिंट बांधल्यावर पहिल्यांदा मान वर होते. ती कुठल्या घड्याळात मोजणार? वेगाचंच म्हणाल तर जॅकलिन पेरी यांच्या गटाने 1995 मध्ये कॅलिफोर्नियात केलेली विभागणी अजून सगळे वापरतात: सेकंदाला 0.4 मीटरच्या खाली माणूस घरापुरता चालतो, 0.4 ते 0.8 मध्ये बाहेर थोडंफार, त्याच्या वर मोकळेपणी. 0.37 वर अडकलेल्या माणसासाठी पाच सेंटिमीटर लहान नाहीत.

साशंक — तुमच्या आकड्यांत जे लोक नाहीत, ते मला सतावतात. त्या अभ्यासातले वीसही जण किमान सहा महिने स्प्लिंट वापरत असलेले होते. म्हणजे ज्यांना तो पटला, सोसला, जमला तेच. ज्यांनी तो महिन्याभरात खाटेखाली सारला त्यांना कोणी बोलावलं नव्हतं. आणि 0.4 ची रेघ ओलांडली म्हणून कोणी घराबाहेर पडत नाही. बाहेर पडायला जिना हवा तसा, रस्ता हवा तसा, सोबत हवी आणि पडलो तर कोणी हसणार नाही याची खात्री हवी.

आणखी एक जुनी भीती आहे, ती सोडायला मी अजून तयार नाही. मेंदूला झटका बसल्यावर पहिले काही महिने तो स्वतःला नव्याने जुळवत असतो. बर्टा आणि कारेल बोबाथ यांनी लंडनमध्ये घडवलेल्या पद्धतीत आम्ही शिकलो, तिचा रोखच असा होता की जे हरवलं ते पुन्हा मिळवण्यासाठी त्याच स्नायूंना काम द्या. पुढे एडवर्ड टॉब यांनी दाखवलं की न वापरलेला अवयव न वापरायला शिकतो. घोटा नव्वद अंशांत जखडून ठेवला की पाऊल वर उचलणाऱ्या स्नायूला कामच उरत नाही. त्याला जाग येण्याची शक्यता ज्या आठवड्यांत सर्वांत जास्त, त्याच आठवड्यांत तुम्ही त्याला सुट्टी देता.

समर्थक — ही भीती मोठी आहे, म्हणूनच कोणीतरी ती तपासून पाहिली. नेदरलँड्समध्येच, एन्स्खेडे इथे, निकांप आणि सहकाऱ्यांनी 33 रुग्णांची दोन गटांत चिठ्ठ्या टाकून विभागणी केली. एका गटाला अभ्यासाच्या पहिल्याच आठवड्यात एएफओ, दुसऱ्याला नवव्या आठवड्यात. लवकर मिळालेला गट सुरुवातीला पुढे होता. 26 आठवड्यांनंतर दोन्ही गट सारखेच. तुमच्या त्या स्नायूचंही त्यांनी मोजमाप घेतलं. स्प्लिंट पायात असताना त्याचं काम कमी दिसतं, ते खरं. पण 26 आठवडे वापरल्यावर तो स्नायू मंदावलेला आढळला नाही. तो झोपतो हा आरोप तिथे टिकला नाही. मग उरतं काय? शेवट सारखाच होणार असेल तर मधले दोन महिने माणसाने बोटं घासत, भिंती धरत का काढायचे? त्या दोन महिन्यांत तो घरी जातो, नातवंडांना भेटतो, आपण आता असेच राहणार की काय हे स्वतःशी ठरवतो.

साशंक — त्याच संशोधकांचा पुढचा निकाल वाचलात ना? पडण्याचा? पहिल्या आठ आठवड्यांत ज्यांना स्प्लिंट लवकर मिळाला ते 11 वेळा पडले आणि ज्यांना तोवर मिळालेला नव्हता ते 4 वेळा. आणि त्या अकरापैकी बहुतेक वेळा स्प्लिंट पायात नव्हता. उभं राहताना, खाटेवरून खुर्चीत जाताना, अशा वेळी पडले. माझ्या सगळ्या शंकेचा गाभा इथे आहे. स्प्लिंट माणसाला चालता करतो, धीर देतो, आणि मग रात्री दोन वाजता तो स्प्लिंट न घालता तोच धीर घेऊन उठतो.

आता हे आपल्याकडे आणून बघा. ही वस्तू जिथे जन्मली तिथे माणूस सकाळी बूट घालतो तो झोपताना काढतो. एएफओ बुटात बसतो, बुटाशिवाय तो अर्धा. आपल्याकडे पायातलं दाराशी काढायचं. स्वयंपाकघरात चप्पल नको, देवघरात तर नकोच. म्हणजे झटका आलेला माणूस ज्या जागेत दिवसाचे वीस-बावीस तास काढतो तिथेच त्याचा पाय उघडा. नुसता स्प्लिंट घालून फरशीवर चालावं तर ते प्लास्टिक घसरतं, मोरीच्या ओल्या फरशीवर तर विचारूच नका. जमिनीवर मांडी घालून बसायचं, भारतीय संडासात उकिडवं बसायचं, त्यासाठी घोटा वाकायला हवा. घट्ट स्प्लिंटमध्ये तो वाकत नाही. नऊवारी सोडा, पाचवारी नेसणाऱ्या बाईच्या निऱ्या वेल्क्रोच्या पट्ट्यात अडकतात. दवाखान्याच्या गुळगुळीत मार्गिकेत दहा मीटर चालवून आपण टाळ्या वाजवतो, आणि तो घरी गेला की स्प्लिंट बुटाबरोबर दाराबाहेर राहतो.

(या दोघांच्या बोलण्यात मध्ये पडावंसं वाटतं ते इथे. अर्धांगवायूने पायाबरोबर हातही गेलेला असतो, हे दोघांनाही ठाऊक आहे आणि दोघांनीही अजून ते म्हटलेलं नाही. एका हाताने मोजा ओढायचा, सुरकुती राहू द्यायची नाही, आत वळणारं आखडलेलं पाऊल स्प्लिंटमध्ये टाचेपर्यंत दाबून बसवायचं, मग पट्टा कडीतून ओवून मागे खेचायचा, मग हे सगळं बुटात घालायचं. बहुतेक घरांत हे बायको करते, नाही तर सून. ती कामावर गेलेली असेल तेव्हा तो स्प्लिंट नसल्यातच जमा. चालण्याच्या कुठल्याही चाचणीत तिचा हात मोजलेला नसतो.)

समर्थक — घराचं जे म्हणालात त्यातलं एक अक्षरही मी खोडत नाही. पण यातून निघतं ते हे की स्प्लिंट घराप्रमाणे बनवा. द्यायचाच नाही, असं निघत नाही. तळाला मायक्रोसेल्युलर रबर चिकटवलं की तो घरात बुटाशिवाय चालतो आणि घसरत नाही. हे रबर आपल्याकडे कुष्ठरुग्णांच्या चपलांत पिढ्यान् पिढ्या वापरलं गेलंय. फक्त दुसऱ्या पायातही तेवढ्याच उंचीचं काहीतरी हवं, नाही तर लंगडणं आपणच तयार करतो. घरात वापरायची वेगळी, धुतलेली सँडल ठेवली तर बऱ्याच घरांतल्या आजी ती स्वयंपाकघरातही चालवून घेतात. त्यांना नीट समजावून सांगणारं कोणी हवं. ज्याचं पाऊल सैल लोंबतं, आखडलेलं नाही, त्याला घोट्याभोवती बांधायचा लवचिक पट्टाही पुरतो.

1968 मध्ये जयपूरला रामचंद्र शर्मा आणि डॉ. प्रमोद करण सेठी यांनी कृत्रिम पाय बनवला तेव्हा त्यांनी पहिल्यांदा काय विचारलं? माणूस अनवाणी चालेल का, उकिडवा बसेल का, शेतात चिखलात उतरेल का. पाय गेलेल्यांसाठी आपण हे प्रश्न विचारले. पाय असून तो ऐकत नाही अशांच्या स्प्लिंटसाठी मात्र दुकानात मिळणारा माल अजून बूट गृहीत धरूनच येतो. हा दोष त्या वस्तूच्या कल्पनेचा नाही, आपल्या आळसाचा आहे.

साशंक — पाऊल उचलायला लावणाऱ्या विजेच्या उपकरणाबद्दल तुम्ही काही बोलला नाहीत.

समर्थक — मुद्दाम नाही बोललो, कारण मला ते आवडतं आणि परवडणारं नाही. लिबरसन यांनी 1961 मध्येच दाखवलं होतं की गुडघ्याखालच्या नसेला पाय उचलताना हलका विद्युत प्रवाह दिला तर पाऊल वर येतं. झटका मेंदूला बसलेला असतो, ती नस शाबूत असते, म्हणून हे जमतं. 2013 आणि 2014 मध्ये अमेरिकेत दोन मोठ्या चाचण्या झाल्या, 197 आणि 495 जणांच्या. चालण्याच्या वेगात साधा एएफओ मागे पडला नाही. 2013 च्या चाचणीत विजेचं उपकरण वापरणारे जास्त समाधानी होते, इतकंच. नडगीच्या कलावरून चालणारं उपकरण अनवाणीही चालतं, म्हणजे तुमच्या उंबऱ्याचा प्रश्न ते सोडवतं. पण त्याच्या किमतीत मी कितीतरी स्प्लिंट घडवीन, आणि ज्याची पोटरी फार आखडलेली आहे त्याच्या पावलाला ते आवरू शकत नाही.

साशंक — मग घडवण्याबद्दलच बोलू. तुम्ही कल्पनेच्या बाजूने बोलता, मी पायात आलेली वस्तू बघते. मेडिकलच्या दुकानातून स्मॉल, मीडियम, लार्ज असा ‘फूट ड्रॉप स्प्लिंट’ आणलेला असतो. कित्येकदा तो रात्री झोपताना टाचेची शीर आखडू नये म्हणून वापरायचा असतो आणि माणूस तो घालून चालत असतो. घोट्याच्या बाहेरच्या हाडावर लाल चट्टा. बोट लावलं तर कळत नाही, कारण त्या बाजूची जाणीव कमी झालेली. मधुमेह असेल तर आणखी कमी. मोजा काढल्यावर वीस-तीस मिनिटांत लाली गेली नाही तर तिथे जखम होणार हे त्याला कोणी सांगितलेलं नसतं. आणि गुडघा! स्प्लिंटमध्ये पाऊल जरा खाली झुकलेलं राहिलं तर प्रत्येक पावलाला नडगी मागे ढकलली जाते आणि गुडघा उलटा मागे जातो. वर्षभर असं चाललं की गुडघ्याच्या मागचं सगळं ताणलं जातं. पाऊल घासायचं थांबलं म्हणून घरचे खूश, आणि आम्ही गुडघा सांभाळत बसतो.

समर्थक — म्हणूनच मापाचा हवा असा माझा हट्ट असतो. पायाला प्लास्टरची ओली पट्टी गुंडाळताना मी रुग्णाचा गुडघा वाकवून घेतो, कारण सरळ गुडघ्यात पोटरी ओढली जाते आणि घोटा नव्वदला येत नाही. एका हाताने टाच धरायची, दुसऱ्याने पावलाची बाहेरची कड वर उचलून धरायची, आणि प्लास्टर घट्ट होईपर्यंत हात हलवायचा नाही. तो साचा भरून, हाडांच्या जागी थोडं प्लास्टर वाढवून, त्यावर भट्टीत मऊ झालेली शीट ओढून हवा खेचून घ्यायची. मग कापायचं कुठे, हा खरा निर्णय. घोट्याच्या हाडांच्या पुढे कड ठेवली तर स्प्लिंट ताठ. मागे ठेवली तर लवचिक, पाऊल उचलतो आणि नडगीला पुढे जाऊ देतो. दोन सेंटिमीटर कड इकडेतिकडे झाली की माणसाचा गुडघा बदलतो. घोट्यापाशी सांधा असलेला स्प्लिंट दिला तर खुर्चीतून उठणं, जिना उतरणं सोपं होतं. पण पोटरी आखडलेली असताना तोच सांधा दिला तर घोटा वाकत नाही, पाऊलच मधून मोडतं. आणि हे सगळं जुळवल्यावर बुटाची टाच सेंटिमीटरभर उंच झाली की नडगीचा कल बदलतो, पुन्हा सगळं जुळवा.

साशंक — तुम्ही आत्ता माझी बाजू माझ्यापेक्षा चांगली मांडलीत. एवढं सगळं नीट जमलं तरच ही वस्तू चालते. ते जमवणारे किती आणि कुठे? मुंबईत हाजी अलीला पुनर्वसनाची केंद्रीय संस्था 1955 पासून आहे. जतच्या किंवा अहेरीच्या माणसाने कड अर्धा सेंटिमीटर कापून घ्यायला तिथे जायचं का? शिबिरात एकदा माप घेतात, एकदा वाटप होतं, फोटो निघतो. तिसऱ्यांदा, महिन्याने, लाल चट्टा बघायला कोण येतं? स्प्लिंट दिल्याची नोंद होते, चालल्याची होत नाही.

समर्थक — तर मग तिसरी भेट मागू या. केंद्र सरकारची एडिप योजना 1981 पासून आहे, तिच्यातून अपंगांना साधनं वाटली जातात. वाटपाइतकाच दुरुस्तीलाही पैसा आणि माणूस द्या, हे तुम्ही आणि मी एका आवाजात म्हणू शकतो. तालुक्याच्या ठिकाणी गरम हवेची बंदूक आणि कापायचं यंत्र हाताळणारा एक प्रशिक्षित माणूस असेल तर तुमच्या निम्म्या तक्रारी तिथेच मिटतील. पण ती तिसरी भेट येईपर्यंत पहिली रद्द करायची, हे मला मान्य नाही.

साशंक — मग खरा माणूस समोर ठेवू. झटक्याला सहा आठवडे झालेत. दोन खोल्यांचं घर, मोरी एक पायरी खाली. बायको सकाळी आठला कामाला जाते, सहाला येते. पाऊल घासतं, पण मांडीखाली उशी देऊन नीट बघितलं तर पाऊल उचलणारा स्नायू किंचित हलतो. द्याल?

समर्थक — आजच. लवचिक, तळाला रबर लावून. बायको आठला बांधून जाईल.

साशंक — आणि दहा तास तो पायातच राहायला हवा, कारण त्याला एका हाताने पुन्हा बांधता येणार नाही. पण ओली फरशी आहे म्हणून तो मोरीत जाताना काढेल. त्यानंतर संध्याकाळपर्यंत तो अनवाणी, आणि सकाळी स्प्लिंटने शिकवलेल्या भरवशावर. मी तीन आठवडे त्याला अनवाणीच उभं करीन, घोट्यावर वजन घ्यायला शिकवीन, मोरीच्या पायरीवरच सराव घेईन.

समर्थक — तीन आठवडे तो तुमच्याकडे दिवसातला तासभर असेल. उरलेला दिवस तो काय करेल ते मला दिसतं: खाट ते मोरी, मोरी ते खाट. पाऊल घासतं म्हणून दारापर्यंतही जाणार नाही. हलणारा तो स्नायू चालल्याशिवाय जागा कशाने होणार? स्प्लिंट असेल तर तो गल्लीच्या टोकापर्यंत जाईल.

साशंक — गल्लीच्या टोकापर्यंत जाईल हे मला पटतं. मोरीत पडणार नाही हे पटत नाही. आधी मोरीच्या भिंतीला धरायला दांडी ठोकून घ्या, त्याला एका हाताने पट्टा लावायला शिकवा, मग मीच त्याला तुमच्याकडे पाठवते.

समर्थक — भाड्याचं घर आहे, मालक भिंतीला भोक पाडू देणार नाही.

साशंक — मग मालकाशी बोलायला हवं. तोवर स्प्लिंट द्यायचा की थांबायचं, यावर आपण दोघं अजून सहमत नाही, आणि तो माणूस परवा दवाखान्यातून घरी जातोय.